उत्तेजनार्थ : स्थानिक रॉक-मेटल संगीताच्या परीक्षणाचा प्रश्न

शालेय वक्तृत्व स्पर्धेपासून एकांकिका स्पर्धांपर्यंत सर्वत्र आढळणारा 'उत्तेजनार्थ' हा शब्द मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. पहिल्या तिघांत न बसलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एवढाच त्यामागील सद्हेतू असतो. परंतु ते बक्षीस घेणाऱ्यालाही मनातून ठाऊक असते, की येथे मोजमाप थांबले आहे आणि सदिच्छेचा प्रांत सुरू झाला आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे पाठबळ नसलेल्या, स्वतःच्या खर्चाने तालीम करणाऱ्या आणि स्वतःच्या रचना वाजवू पाहणाऱ्या भारतीय रॉक व मेटल बँडविषयी आजवर जे लेखन झाले, त्याचा बराच भाग या एका शब्दात मावतो. 'आश्वासक', 'ताजातवाना', 'पुढील ध्वनिमुद्रणाविषयी उत्सुकता वाढविणारा' ही त्या लेखनाची परिभाषा मराठीच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही. नवोदितांच्या पहिल्या कवितासंग्रहांवर आपल्याकडे हीच विशेषणे पिढ्यान्‌पिढ्या खर्च होत आली आहेत. म्हणूनच हा प्रश्न केवळ संगीताचा राहत नाही. एखाद्या लहान सांस्कृतिक वर्तुळात परीक्षण आणि पुरस्कार यांचे नाते काय असते, हा समीक्षाव्यवहाराचा प्रश्न त्यातून उभा राहतो.

परीक्षक आणि प्रवर्तक एकच असणे हा या लेखनावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप आहे. इंग्लंडमधील १९७९ सालचे उदाहरण या संदर्भात बोधक ठरते. 'साउंड्स' या साप्ताहिकाचा लेखक जेफ बार्टन मे महिन्यात लंडनच्या कॅमडेन भागातील म्युझिक मशीन या सभागृहात गेला. तेथे एंजल विच, आयर्न मेडन आणि सॅम्सन हे तीन बँड एका रात्री वाजत होते. त्याच्या वृत्तान्ताला संपादक ॲलन लुईस यांच्याकडून 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे नाव मिळाले. वृत्तान्त छापून येईपर्यंत 'लाट' अशी काही नव्हती; गावोगाव वाजविणारी, परस्परांशी फारशी ओळख नसलेली काही मुले होती. पंकच्या उदयानंतर मेटल हा प्रकार कालबाह्य झाला, असे लंडनमधील संगीतपत्रकार गृहीत धरीत असताना या नावाने विखुरलेल्या प्रयत्नांना एक सामायिक आकार दिला. वाङ्मयेतिहासात 'नवकविता' किंवा 'दलित साहित्य' या संज्ञांनी जे कार्य केले, त्याच जातीचे हे कार्य म्हणावे लागेल. संज्ञा वस्तूच्या मागून येते ही समजूत येथे अपुरी पडते.

याच सुमारास नील के हा लंडनच्या किंग्जबरी भागातील 'साउंडहाउस' या ठिकाणी तबकड्या वाजवीत असे. श्रोत्यांच्या मागणीवरून तो दर आठवड्याला एक क्रमवारी तयार करी आणि ती 'साउंड्स'मध्ये छापली जाई. आयर्न मेडनने १९७८ च्या अखेरीस मुद्रित केलेली चाचणी-फीत त्याच्याकडे पोचली. तबकडी बाजारात नसतानाही त्यातील गाणे त्या क्रमवारीत वर चढले. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्या फितीतील गाण्यांची तबकडी बँडने स्वतः काढली, ती पाच हजार प्रतींची, आणि तिला 'साउंडहाउस टेप्स' असे त्या जागेचेच नाव दिले. ऐकणारा, निवडणारा, लिहिणारा आणि विकणारा यांच्यातील अंतर येथे जवळजवळ नाहीसे झालेले दिसते. यात भ्रष्टता शोधणाऱ्याने हेही सांगायला हवे, की तटस्थ परीक्षक त्या वेळी नेमका कोठे होता? तो मेटल ऐकतच नव्हता. अनास्थेलाच तटस्थता समजण्याची चूक समीक्षेत वारंवार होते.

तथापि जवळीक म्हणजे स्तुती नव्हे, हेही त्याच प्रकरणातून दिसते. शेफील्डच्या डेफ लेपर्ड या बँडने १९७९ च्या आरंभी स्वतःच्या पैशाने काढलेल्या लहान तबकडीचे कौतुक ज्या बार्टनने केले, त्यानेच पुढे त्या बँडवर अमेरिकी बाजाराकडे झुकल्याचा ठपका ठेवला. १९८० च्या रीडिंग महोत्सवात प्रेक्षकांतून त्या बँडवर डबे-बाटल्या भिरकावल्या गेल्या. या घटनेचा संबंध त्या टीकेशी जोडला जातो. तो संबंध किती खरा हा वेगळा मुद्दा. परंतु मित्राने केलेल्या परीक्षणालाही वजन असू शकते, एवढे यावरून निश्चित होते. ते वजन येते कोठून? आधीची स्तुती सवयीची नव्हती, निवडक होती, म्हणून.

भारतातील परिस्थितीचा विचार करताना एक वेगळी अडचण आधी लक्षात घ्यावी लागते. १९६७ ते १९७७ या काळात कोलकात्याहून निघणाऱ्या 'ज्युनिअर स्टेट्समन'ने बीट संगीताला जागा दिली. १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या, त्या एका सिगारेटच्या नावाने. पुढे महाविद्यालयीन महोत्सवांतून बँडच्या स्पर्धा रूढ झाल्या. परंतु दीर्घकाळ तेथे परदेशी बँडची गाणी वाजविणे हाच मुख्य व्यवहार होता. मूळ गाण्यातील गिटारचा तुकडा किती हुबेहूब उतरला, यावर टाळी पडे. नकलेचे परीक्षण सोपे असते, कारण कसोटी आधीच हाती असते. परीक्षकाला फक्त अंतर मोजायचे असते.

मराठी गद्याने हा टप्पा एकोणिसाव्या शतकात अनुभवला आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ग्रंथकारांना बक्षिसे दिली, त्या काळाला आपण भाषांतरयुग म्हणतो, आणि ते उत्तेजन आवश्यक होते हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र भाषांतराच्या कसोट्या स्वतंत्र लेखनाला लावता येत नाहीत, हे जेव्हा ध्यानात आले तेव्हाच मराठीत समीक्षेची गरज उत्पन्न झाली. रॉक संगीतातही तसेच घडले. मुंबईच्या रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. अलाहाबादहून अमित सैगल आणि शेना गामत यांनी १९९३ मध्ये 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केले. सैगल स्वतः वादक होते. त्यांच्या नियतकालिकाने पुढे 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव भरविला, त्याच नावाने संकलने काढली आणि स्वतःच्या रचना वाजविणाऱ्यांना मंच दिला. दिल्ली-मुंबईच्या नव्हे, अलाहाबादच्या पत्त्यावरून हे घडावे याला महत्त्व आहे. केंद्र कोठे असावे हे प्रस्थापित उद्योगाने ठरविलेले नव्हते. परंतु नक्कल संपताच हातातील कसोटीही संपली. स्वतःची रचना समोर आल्यावर परीक्षकाने काय मोजायचे? या पेचातून सुटण्याचे दोन सोपे मार्ग होते, आणि दोन्ही चोखाळले गेले.

पहिला उत्तेजनार्थाचा. भारतात, अपुऱ्या साधनांनिशी, कोणी एवढे तरी करतो आहे, म्हणून ते चांगले. या भूमिकेत दयाळूपणा आहे, पण आदर नाही. ड्रमचा आवाज ध्वनिमुद्रणात चिखलासारखा पसरला असेल आणि परीक्षकाने तो 'कच्च्या ऊर्जेचा प्रत्यय' म्हणून खपविला, तर त्याने वादकाला ऐकलेलेच नाही. कारण त्या वादकाला तो आवाज तसा नको असण्याची शक्यता फार मोठी असते. उलट नॉर्वेच्या ब्लॅक मेटलप्रमाणे तो खरखरीतपणा हेतुपुरस्सर घडविलेलाही असू शकतो. अभाव कोठे आहे आणि निवड कोठे आहे, हे वेगळे करून दाखविणे हेच अशा परीक्षणाचे पहिले काम ठरते. 'आश्वासक' हे विशेषण ते काम पुढे ढकलते.

दुसरा मार्ग आयात केलेल्या मापाचा. अमुक बँड म्हणजे तमुक अमेरिकी बँड, पण थोडा उणा, ही त्याची ठरीव वाक्यरचना. कठोरपणाचा आव असल्यामुळे हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. प्रत्यक्षात तो नकलेच्या काळाचाच अवशेष आहे. कठोर असणे म्हणजे न्याय्य असणे नव्हे, याचा ठळक दाखला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर केलेल्या टीकेत सापडतो. १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमाले'ने मराठी समीक्षेला धार दिली हे खरे. पण फुल्यांच्या गद्याला शिष्टसंमत व्याकरणाचे माप लावून त्याची टर उडविताना ते गद्य कोणाला उद्देशून, कोणत्या लयीत बोलत आहे, हे ऐकण्याची तयारी तिच्यात नव्हती. स्वतःला सार्वत्रिक समजणारे माप बहुधा कोणाच्या तरी घरचे असते.

मग स्थानिक परीक्षकाजवळ काय उरते? 'भयानक मौत' या मुंबईच्या बँडचे नावच पाहावे. परदेशी श्रोत्याला ते गूढ, परके उच्चार वाटतील. येथल्या श्रोत्याला मात्र जुन्या हिंदी भयपटाचे भडक भित्तिपत्रक आठवते आणि हसू येते. नावात थट्टा आहे आणि वादन मात्र अत्यंत गंभीर, शिस्तबद्ध. मेटल या प्रकारातील मृत्यूच्या भव्य प्रतिमेला हे नाव बसने जाणाऱ्या-येणाऱ्या मुंबईकराच्या पातळीवर आणते. हा ताण ऐकू येण्यासाठी जी भाषिक जाण लागते, ती लंडनच्या परीक्षकाजवळ असण्याचे कारण नाही. गीते प्रामुख्याने इंग्रजीत असूनही येथे अर्थ घडतो तो हिंदी-मराठीच्या परिसरात. साहित्याच्या अभ्यासकाला अशा जागा दिसायला हव्यात.

डेमॉनिक रेझरेक्शन हे दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००० साली मुंबईत सुरू झालेल्या या बँडचा प्रमुख साहिल मखिजा याने स्वतःचे डेमनस्टीलर रेकॉर्ड्स हे प्रकाशन काढून इतर बँडचेही अल्बम प्रसिद्ध केले, कार्यक्रमही भरविले. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' नियतकालिकाने या बँडला पुरस्कार दिला तो 'ग्लोबल मेटल' या विभागात. गौरव निःसंशय मोठा. तरी विभागाचे नाव विचार करायला लावते. बाकीचे मेटल केवळ मेटल आणि हे जागतिक! उत्तेजनार्थ बक्षिसाची ही दुसरी, अधिक सभ्य आवृत्ती नव्हे काय? २०१७ च्या 'दशावतार' या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक रचना आहे. परदेशी श्रोत्याला येथे 'भारतीयता' आयती मिळते. कोकणातील आणि गोव्यातील दशावतारी खेळ रात्र-रात्र पाहिलेल्या श्रोत्यापुढे मात्र निराळेच प्रश्न उभे राहतात. तेथे अवतारांचा क्रम आरंभीचा विधी होऊन आख्यानाला वाट करून देतो. येथे तो क्रम हीच रचनेची चौकट आहे. दोन पायांनी वाजविलेल्या बेस ड्रमची सलग वेगवान धाव आणि तळहाताने तारा दाबून काढलेला गिटारचा बंद, ठोकळेदार नाद ही एक्स्ट्रीम मेटलची मूळ सामग्री प्रत्येक अवतारासाठी किती बदलते? नरसिंहाला शोभणारी गर्जना बुद्धाच्या वाट्याला आली, तर त्यात अर्थपूर्ण विसंगती निर्माण होते की शैलीची सवय तेवढी उघडी पडते? असे प्रश्न विचारणे म्हणजे बँडला खाली खेचणे नव्हे. कृतीला उत्तर देण्यास समर्थ मानल्याशिवाय ते विचारताच येत नाहीत, आणि प्रवर्तनाचा याहून भक्कम पाया दुसरा नाही.

मराठीत याला पूर्वपरंपरा आहे. साठोत्तरी अनियतकालिकांचे वर्तुळ असेच लहान होते; कवी, संपादक, चक्रमुद्रण करणारा आणि वाचक एकमेकांच्या घरी जात. अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये 'मनोहर'मधून समकालीन मराठी वाङ्मयावर जो 'क्ष' किरण टाकला, त्यात उत्तेजनाचा लवलेश नव्हता. त्याच शहाण्यांनी प्रास प्रकाशनातर्फे १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मित्राचा संग्रह काढला. या दोन कृतींत विरोध पाहणे चुकीचे होईल. ज्याने एवढे नाकारले, त्याने एक पुस्तक छापणे हेच त्या पुस्तकाचे परीक्षण होते.

रॉकच्या बाबतीत परीक्षणावर आणखी एक भार पडतो, जो कवितेवर पडत नाही. संग्रह ग्रंथालयात राहतो. पण बँड फुटतात, चाचणी-फिती बुरशी लागून वाया जातात, कित्येकांनी स्वतःच्या रचना कधी मुद्रितच केलेल्या नसतात. शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे रंगभवनातील मैफली थांबल्या, त्यालाही बराच काळ लोटला. अमित सैगल २०१२ मध्ये गेले. त्या पटांगणात एखाद्या बँडने कोणत्या वर्षी कोणती रचना कशी वाजविली, गायकाचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचत होते की नाही, परक्या गाण्यांची मागणी करणाऱ्या गर्दीपुढे स्वतःचे गाणे रेटताना तिची प्रतिक्रिया काय झाली, हे कळण्याचे साधन अनेकदा तेव्हाचे परीक्षण एवढेच असते. या संगीताचा इतिहास लिहू पाहणारा एखादा संशोधक-विद्यार्थी तो जुना अंक मिळवील, त्या बँडचे नाव असलेले पान उघडील, आणि तेथे चार ओळींत छापलेले असेल, की कार्यक्रम जोरदार झाला व बँड आश्वासक आहे.