छातीवरचं कॉलेज

१ मे म्हटलं की माझ्यासारख्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक महाराष्ट्र दिन आणि दुसरी सुटी. तिसरी गोष्ट मला उतारवयात अमेरिकेत जाऊन शिकावी लागली.

२०२५ साली उन्हाळ्यात आम्ही उभयता न्यूजर्सीला मुलाकडे होतो. एप्रिल संपता संपता मी सूनबाईंना सहज म्हटलं, "गुरुवारी १ मे. काहीतरी गोडाचं करू या."

सूनबाईंचा चेहरा उतरला. "बाबा, त्या दिवसाचं नाव नका काढू," एवढंच म्हणून ती भांडी घासायच्या यंत्राकडे वळली. संयुक्त महाराष्ट्राने हिचं काय घोडं मारलंय ते मला कळेना.

मग चिरंजीवांनी खुलासा केला. तिथली बारावीची मुलं डझनभर कॉलेजांत अर्ज करतात. मार्चअखेरपर्यंत होकार-नकार येतात आणि आलेल्या होकारांतून एकाच्या गळ्यात माळ घालायची. बहुतेक कॉलेजांची त्याची मुदत १ मे. त्याचं नाव 'डिसिजन डे'. थोडक्यात, स्वयंवरच! फरक एवढाच की इथे माळ घालणाऱ्यानेच अनामत रक्कमही भरायची.

आता माणसाने निर्णय घ्यावा, पैसे भरावेत आणि गप्प बसावं. पण गप्प बसणं हा अमेरिकेचा स्वभाव नाही. त्या दिवशी मुलं आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून शाळेत येतात. सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. शाळेच्या व्हरांड्यात देशाचा मोठा नकाशा लागतो आणि कोण कुठे चाललं त्याच्या टाचण्या त्यावर टोचतात. इन्स्टाग्रामवर त्या वर्षीच्या मुलांचं खास खातं असतं, त्यावर लग्नपत्रिकेसारखं एकेकाचं नाव, फोटो आणि 'स्थळ' झळकतं. घरापुढच्या हिरवळीवर पाटी रोवतात. आणि मोटारीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' असतो. तिथे आईच्या मोटारीच्या पाठीवर मुलाचं कॉलेज असतं.

मी पडलो चौकस. या प्रकाराचं मूळ शोधायला बसलो, तर ते निघालं फुटबॉलमध्ये. तिथला फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा, पण ते असो. शाळेतल्या चांगल्या खेळाडूंना कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन पळवतात. १९६४ पासून त्यासाठी एक करारपत्र होतं. त्यावर सही झाली की खेळाडू त्या कॉलेजचा झाला, बाकीच्यांनी त्याच्यामागे लागायचं नाही. ही सही मोठ्या थाटात होई. टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या, समोर कॅमेरे, शेजारी आई डोळे पुसतेय, आणि पोराने त्यातली एक टोपी उचलून डोक्यावर ठेवायची. ते करारपत्र २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झालं. टोप्या मात्र चालूच आहेत.

तेव्हा काही भल्या माणसांच्या मनात आलं, की चेंडू घेऊन पळणाऱ्याचं एवढं कौतुक, मग पुस्तक घेऊन बसणाऱ्याचं का नको? २०१४ पासून मिशेल ओबामाबाईंनी ही कल्पना देशभर उचलून धरली. ज्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्या घरातली पोरगी शाळेच्या व्यासपीठावर उभी राहून 'मी चालले' म्हणते आणि सगळी शाळा टाळ्या वाजवते. हे वाचून माझ्यासारख्या खवट म्हाताऱ्याचेही डोळे पाणावले. त्या टाळ्यांना माझी काहीही हरकत नाही.

हरकत पुढच्या गोष्टीला आहे. खेळाडू सही करतो तेव्हा कॉलेज त्याला पैसे देतं. आपली पोरं 'सही' करतात तेव्हा बाप कॉलेजला पैसे देतो. नामांकित खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा सगळा खर्च ऐंशी हजार डॉलरच्याही पुढे जातो. म्हणजे समारंभ तोच, फक्त पाकिटाची दिशा बदलली! इतक्या पैशात तो टी-शर्ट तरी फुकट यावा, पण त्याचेही वेगळे पडतात.

आणि जिथे झाडून सगळी मुलं कॉलेजला जाणारच, अशा सुखवस्तू गावात त्या टाळ्यांचा अर्थच बदलतो. 'ही गेली' याचं कौतुक राहत नाही. 'ही कुठे गेली' याची मोजदाद सुरू होते. हार्वर्डसारखी ठिकाणं शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त मुलांना नकार देतात. तरी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंड वाढता वाढता एक बाई दुसरीला "मग, कुठे?" एवढंच विचारते. त्या 'कुठे'वरचा जोर ऐकला की वाटीतलं श्रीखंड आंबट होतं. लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेत म्हणे नकाराची पत्रं कागद कापायच्या यंत्रात घालतात आणि वर आइस्क्रीम खातात. सगळ्या समारंभांत हा एक मला मनापासून आवडला.

तर आमच्या सूनबाईंचं दुखणं असं. नात ईशा हुशार. दोन मोठ्या ठिकाणचे होकार आलेले. पण त्याच हिवाळ्यात चिरंजीवांची नोकरी गेली होती आणि थोरल्या नातवाच्या शिक्षणाचं कर्ज अजून डोक्यावर होतं. ईशाने स्वतःच बसून हिशेब केला. न्यूजर्सीत वर्गाच्या वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना काउंटी कॉलेजची शिकवणी-फी माफ होते. तिथे दोन वर्षं काढायची आणि मग सरकारी विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करायची. असा बिनचूक हिशेब मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी करून कधी मांडला नव्हता.

"पण त्या दिवशी ती घालणार काय?" सूनबाई म्हणाली. चार वर्षांच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला होता. अडलं होतं ते सदऱ्यापाशी.

गुरुवारी ईशा साधा निळा सदरा घालून गेली. संध्याकाळी आम्ही सगळे काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसलो. शेवटी मीच न राहवून विचारलं.

"काही नाही, आजोबा. फोटोच्या वेळी टीचर म्हणाल्या, टी-शर्टवाले पुढे या. आम्ही मागे उभे राहिलो. मी मोजलं, एकवीस जण होतो. एक जण आर्मीत चाललाय, एक वायरिंगचं काम शिकणार आहे. गंमत म्हणजे तो काय शिकणार ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या रांगेतलं कोण काय शिकणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं."

"आणि तू काय शिकणार गं?" मी विचारलं. खरं सांगतो, तिथे येऊन दीड महिना झाला होता, हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होतो.

"पूल बांधायला," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

त्या रात्री अमेरिकेवर एक जळजळीत लेख लिहायचा म्हणून मी वही उघडली. 'प्रदर्शनाची हौस', 'बाजारू वृत्ती' असे दोन-तीन ठेवणीतले शब्दही काढून ठेवले. आणि अचानक १९९१ सालचा जून आठवला.

चिरंजीव दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाले, तेव्हा मी दोन किलो पेढे आणून वाड्यात घरोघरी वाटले होते. प्रत्येक दारात टक्के सांगत होतो. अर्धा टक्का होता तोसुद्धा सोडला नाही. खालच्या बिऱ्हाडातला मुलगा त्याच परीक्षेत गणितात नापास झालेला. ते मला माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. माहीत होतं. मी त्या दारातही गेलो. पोराने खाली मान घालून पेढा घेतला आणि "अभिनंदन, काका" म्हणाला. संध्याकाळी त्याच्या आईने आमची ताटली परत पाठवली. ताटली रिकामी परत करू नये म्हणून तिने त्यात चमचाभर साखर घातली होती.

आमच्याकडे टी-शर्ट नव्हते, एवढाच काय तो फरक.

वही मिटून मी आत गेलो. ईशा जागीच होती. "तुझ्या त्या काउंटी कॉलेजचा टी-शर्ट मिळतो का गं?" मी विचारलं.

"मिळतो. का?"

"मला हवाय. एक्स्ट्रा लार्ज."

तो मी हल्ली सकाळी फिरायला जाताना घालतो. टेकडीवर कुणीतरी विचारतंच, "हे कुठलं हो कॉलेज?" मी सांगतो, "ते सोडा. माझी नात पूल बांधायला शिकतेय."