हात खेळतात, पाय बघत बसतात

मैदानी खेळांच्या व्हिडिओ गेममध्ये सगळ्यात जास्त घाम गाळतात ते अंगठे. दहा-बारा बटणं, त्यांच्या जोड्या आणि त्या जोड्यांचं पाठांतर. ज्याचं पाठांतर पक्कं तो जिंकणार, बाकीच्यांनी बाजूला बसून बघायचं. २००६ साली निन्टेंडोने 'वी' हा कन्सोल बाजारात आणला आणि त्याच्यासाठी 'वी स्पोर्ट्स' हा गेम काढला, तेव्हा हे पाठांतर एका फटक्यात निकालात निघालं. टेनिस खेळायचंय? रिमोट हातात धरा आणि रॅकेटसारखा फिरवा. झालं.

टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ त्यात होते. ८ कोटींहून जास्त प्रती गेल्या. जपानसारखे अपवाद सोडले तर हा गेम कन्सोलसोबतच मिळत होता, त्यामुळे एवढा मोठा आकडा झाला हे खरं. पण अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमध्ये म्हातारी माणसं रिमोट हातात घेऊन बोलिंगच्या स्पर्धा खेळायला लागली, ती काही सोबत मिळाला म्हणून नाही. आयुष्यात कधी व्हिडिओ गेमला हात न लावलेल्या माणसाला त्याने पहिल्या मिनिटात खेळात घेतलं. हे त्याआधी फार थोड्या गेमना जमलं होतं.

त्याची नवी आवृत्ती, म्हणजे 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स', २०२२ साली आली. दोन्ही खेळून झाल्यावर माझं मत असं बनलंय: हे गेम ज्या युक्तीने सगळ्यांना आत घेतात, त्याच युक्तीमुळे आपल्या मातीतले खेळ दाराबाहेर राहतात. कौतुक करायचं तर त्या युक्तीचंच करावं लागतं आणि तक्रारही तिचीच.

ही युक्ती काय आहे, ते आतून बघू. तुम्ही हा लेख वाचताना फोन आडवा केलात तर स्क्रीनही आडवी होईल. ते ज्या जातीच्या सेन्सरमुळे होतं, तोच अॅक्सिलरोमीटर वीच्या रिमोटमध्ये होता. त्याला तीन दिशांमधला वेगातला बदल कळतो, बाकी फार काही नाही. तुम्ही खोलीत कुठे उभे आहात, गुडघे वाकवलेत का, पाय उचललात का, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. त्याला फक्त एक झटका कळतो: किती जोरात आणि साधारण कुठल्या बाजूला.

आता एवढ्याशा माहितीवर टेनिस कसं उभं करायचं? निन्टेंडोच्या लोकांनी सोपा आणि हुशार निर्णय घेतला. धावण्याचं काम गेमने स्वतःकडे घेतलं. पडद्यावरचा खेळाडू आपण होऊन चेंडूपाशी पोचतो. तुम्ही फक्त फटका कधी मारायचा ते ठरवायचं. लवकर मारला तर चेंडू एका बाजूला जातो, उशिरा मारला तर दुसऱ्या. एकटे खेळत असाल तर तुमच्या बाजूचे दोन्ही खेळाडू तुमच्याच एका हातावर चालतात.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही हा निर्णय ओळखीचा वाटेल. वापरणाऱ्याकडून एकच गोष्ट मागायची, बाकीचं आपण सांभाळायचं, आणि ती एक गोष्ट वेडीवाकडी आली तरी गोड मानून घ्यायची. वी स्पोर्ट्सचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हे गोड मानून घेणं. खऱ्या टेनिसमध्ये पहिले दोन महिने चेंडू जाळीतच जातो. इथे तिसऱ्या फटक्याला रॅली सुरू होते.

पाचही खेळांत बोलिंग सर्वात उजवं आहे, त्याचं कारणही हेच. बटण दाबून धरायचं, हात मागून पुढे आणायचा, बटण सोडायचं. खऱ्या बोलिंगमध्येही मुख्य काम हाताचं आणि सोडण्याच्या क्षणाचं असतं, म्हणून सेन्सर जेवढं वाचतो आणि खेळ जेवढं मागतो त्यात अंतर कमी पडतं. उलट बॉक्सिंग सर्वात फसलेलं. दोन्ही हातांत कंट्रोलर घेऊन माणसं नुसत्या हवेत बुक्क्या मारत सुटतात, आणि त्यातल्या कुठल्या बुक्कीचं काय झालं हे धड कळत नाही. बॉक्सिंग म्हणजे समोरच्याला लागणं आणि आपल्याला लागणं. ते लागणंच काढून घेतलं तर मागे हातवारे उरतात.

गंमत अशी, की माणसांनी मशीनने मागितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिलं. मनगटाचा हलका झटका पुरत असताना लोक अख्खं अंग फेकून खेळले. रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायला लागले. शेवटी डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने मनगटाचे सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली. मला हा आकडा गेमच्या खपाइतकाच बोलका वाटतो. अंगाला खेळायचं होतं. यंत्राला त्यातलं फक्त मनगट दिसत होतं.

स्विच स्पोर्ट्समध्ये सेन्सर पुष्कळ सुधारलेत, हाताचा कोन आणि फिरकी नीट कळते. टेनिस आणि बोलिंग राहिले. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, फुटबॉल आणि चांबारा नावाची जपानी लुटुपुटूची तलवारबाजी हे नवे आले. यातलं बॅडमिंटन आपल्या घरचं. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी ते खेळायचे आणि त्या खेळाला 'पूना' असंही नाव होतं. गेममधलं बॅडमिंटन देखणं आहे, चटपटीत आहे, ड्रॉप शॉटसुद्धा मारता येतो. पण बॅडमिंटन शिकवणारा कुठलाही माणूस आधी पाय शिकवतो. इथे पाय पुन्हा गेमचेच. फुटबॉलमध्ये कंट्रोलर मांडीला पट्ट्याने बांधून लाथ मारायची सोय आहे, तीही सुरुवातीला फक्त शूटआउटपुरती होती. सामन्यात ती नंतरच्या अपडेटने आली. आणि तेव्हाही पळायचं असतं ते अंगठ्यानेच.

आमचं घर वडीगोद्रीला. अंबड तालुका, जालना जिल्हा, धुळे-सोलापूर हायवेवरचं गाव. गेल्या दिवाळीत मी पुण्याहून स्विच घेऊन गेलो. पुढच्या खोलीत टीव्हीला जोडला, पलंग भिंतीला सरकवला. पहिली दहा मिनिटं पोरांनी खेळून घेतली. मग जे झालं त्यासाठी या गेमला मी मनापासून दाद देतो. काकूने पदर खोचला, कंट्रोलर घेतला आणि बोलिंगमध्ये पोरांना हरवलं. मग आई उठली. शेजारच्या दोघी आल्या, आधी दारातून बघत होत्या, मग आत आल्या. आजीने खुर्चीत बसूनच बॉल सोडला आणि सहा पिना पाडल्या. रात्री अकरापर्यंत त्या खोलीत चाळिशी-पन्नाशीच्या बायका ओरडत, हसत, एकमेकींवर चिडत खेळत होत्या. त्यांना असं खेळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

टीव्हीसमोरच्या या दोन-तीन मीटर जागेचं मोल शहरातल्या समीक्षकाला कळणार नाही. गावाला मैदान असतं. सकाळी तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळतात, संध्याकाळी क्रिकेट असतं. त्या मैदानावर लग्न झालेल्या बाईची वेळ कुठली? कुठलीच नाही. तिथे जायला तिला कुणी मनाई केलेली नसते, तशी गरजच पडत नाही. या गेमने मैदान उचलून घरात आणलं आणि दार लोटून घेतलं, म्हणून त्या खेळल्या. दुबळ्या ग्राफिक्सबद्दल, कमी खेळांबद्दल या गेमवर जी टीका होते ती या खोलीत मला अगदीच बारीक वाटली.

मग काकूने विचारलं, "याच्यात खो-खो नाही का रे?" शाळेत ती खो-खो खेळायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नाही म्हटल्यावर तिने थोडा वेळ बॅडमिंटन खेळून पाहिलं आणि म्हणाली, "पळायचं कुठंय मग याच्यात? पळणारी तर ती बाहुलीच."

माझ्या मते या गेमवरची सगळ्यात नेमकी टीका हीच आहे.

खो-खो या यादीत का नाही? जपानी कंपनीला माहीत नसेल, हे सोपं उत्तर झालं. खरं उत्तर सेन्सरमध्ये आहे. खो-खोत आठ जण मधल्या पट्टीत एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. बसलेल्याच्या पाठीवर थाप पडली आणि 'खो' ऐकू आला, की तो स्प्रिंगसारखा उठतो. या खेळात हाताचं काम फक्त स्पर्श करण्याचं. बाकी सगळं पाय, दम, हुलकावणी आणि पाठीला डोळे असल्यासारखं बसणं. कबड्डीत तर पकड आहे. कुस्तीत सगळीच पकड. हातात काही न धरता खेळायचे आणि दुसऱ्याच्या अंगाला भिडायचे हे खेळ. कंट्रोलर म्हणजेच हातात धरायची वस्तू. म्हणून ज्या खेळात आधीच हातात काहीतरी असतं, रॅकेट, बॅट, गोल्फची काठी, तलवार, तो खेळ या घरात सहज शिरतो. सेन्सर आधी ठरला, खेळ नंतर निवडले गेले.

मायक्रोसॉफ्टने २०१० साली 'किनेक्ट' काढून हा पेच सोडवून पाहिला. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा अख्खं शरीर बघणार. पाय दिसायला लागले, पण पळायला जागा लागते आणि ती बैठकीच्या खोलीत नसते, मग 'किनेक्ट स्पोर्ट्स'मध्ये जागच्या जागी पळायचं. स्पर्श तर तिथेही नव्हताच. २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं.

'निदान व्यायाम तरी होतो' या युक्तिवादावरही जास्त भार टाकू नये. २००७ च्या शेवटी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, १३ ते १५ वयाच्या ११ मुलामुलींवरचा. बसून खेळायच्या गेमपेक्षा वी स्पोर्ट्स खेळताना जास्त ऊर्जा खर्च होते, पण तेच खेळ खरोखर खेळण्याइतकी होत नाही, असा निष्कर्ष होता. काकूचं वाक्य वेगळ्या भाषेत.

स्विच स्पोर्ट्सवर माझी स्वतःची तक्रार आणखी एक आहे. त्यातले नवे कपडे, नवी बक्षिसं मुख्यतः ऑनलाइन खेळणाऱ्यांना मिळतात, आणि ऑनलाइनसाठी वर्गणी भरा, नेट चांगलं ठेवा. एका खोलीत जमलेल्या बायकांच्या रात्रभराच्या बोलिंगची त्याच्या हिशेबात फारशी नोंद नाही. ज्या गोष्टीत हा गेम सर्वात चांगला आहे, तिचीच त्याला सर्वात कमी किंमत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही विजेतेपदं भारताने जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तेव्हा हा खेळ संपलाय म्हणून कुणी रडायचं कारण नाही. प्रश्न शाळा सुटल्यावर खेळ सुटलेल्यांचा आहे. त्यांच्यासाठी हा गेम घ्या, गावाकडे न्या, आणि कंट्रोलर आधी पोरांच्या नाही, आईच्या हातात द्या. त्यांनी पळायचं कुठे असं विचारलं, तर त्याचं उत्तर पुढच्या अपडेटमध्ये येणार नाही. ते गावातल्या मैदानावर संध्याकाळचा एक तास मोकळा करून द्यावं लागेल, आणि तो तास सध्या आपण पोरं क्रिकेट खेळून वापरतोय.