वादकाचा कंठ

वाजविणाऱ्यानें वाजवावें आणि गाणाऱ्यानें गावें, ही कामाची वांटणी आपल्या सुशिक्षित रसिकांच्या मनांत फार पक्की बसली आहे. एकच मनुष्य दोन्ही कामें करूं लागला म्हणजे आपण त्याच्याकडे कौतुकानें पाहतों खरे. पण तें कौतुक बहुधा तारेवर चालणाऱ्या कसरतपटूच्या वांट्याला येतें त्या जातीचें असतें. त्यांत नवल असतें, आदर थोडा असतो. हा समज कितपत खरा आहे हें तपासून पाहण्यास मुंबईचे ड्रमवादक रणजित बारोट यांची कारकीर्द फार उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

या विचारास निमित्त घडलें तें असें. गेल्या दिवाळींत मुखेडास आमच्या घरीं मंडळी जमली असतां, पुण्याहून आलेल्या भाच्यानें ‘लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स’ हें लंडन येथील मैफलीचें २०१७ मधील ध्वनिमुद्रण लाविलें. जॉन मॅक्लॉफ्लिन यांची विजेवरची गिटार आणि तिच्यामागें ड्रमसेटाचा गडगडाट! कांहीं मंडळी उठून ओसरीवर गेली. आमचे नाना मात्र बसून राहिले; त्यांची सारी हयात तबल्याच्या नादांत गेलेली. इतक्यांत वादकाचा कंठ ऐकूं आला आणि तोंडानें बोल सुरू झाले. नाना ताठ होऊन बसले आणि म्हणाले, “अरे, हा तर पढंत करतो आहे! कोणाचा रे हा मुलगा?” भाच्यानें सांगितलें, “सितारादेवींचा, नाना.” त्यावर नानांनीं नुसती मान डोलाविली. टीकाकारास जें चार पानांत सांगावें लागेल, तें त्या एका प्रश्नांत आलें होतें.

सितारादेवी (१९२०–२०१४) यांचें नांव कथकाच्या इतिहासांत केवढें मोठें आहे, हें वाचकांस सांगावयास नको. कथकाची रीत अशी कीं, नर्तकी तुकडा आधीं तोंडानें म्हणते व मग पायानें काढते. हीच पढंत. जो बोल जिभेला आला नाहीं तो पायाला येत नाहीं, हा त्या विद्येचा पहिला धडा. अशा घरांत वाढलेल्या मुलानें तबला किंवा पखवाज न धरतां पाश्चात्त्य ड्रमसेट धरला आणि रॉक व जॅझ यांच्या संगमावर आपलें आसन मांडलें. पुढें त्यांनीं सिनेमासृष्टींत बरेंच काम केलें, केतन मेहता यांच्या १९९५ मधील ‘ओ डार्लिंग यह है इंडिया’ या चित्रपटास संगीत दिलें, ए. आर. रहमान यांच्या मैफलींत ड्रम वाजविले. सिनेमाच्या संगीतांत वादकाचें काम हजारों कानांवर पडतें, नांव मात्र कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. चेन्नई येथें मुद्रित झालेल्या मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ (२००८) या मुद्रिकेनें त्यांचें नांव दूर पोंचविलें. नंतर ‘बाडा बूम’ ही त्यांची स्वतःची मुद्रिका निघाली, आणि मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘फोर्थ डायमेन्शन’ या चौकडींत ‘नाउ हिअर धिस’ (२०१२), ‘द बॉस्टन रेकॉर्ड’ (२०१४), ‘ब्लॅक लाइट’ (२०१५) अशा मुद्रिकांतून ते जगापुढें आले.

या कारकीर्दीचें मोल समजण्यास पश्चिमेकडील कांहीं उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. तिकडेही गाणारे ड्रमवादक झाले. पण तेथें बहुधा कंठानें हातावर मात केली. फिल कॉलिन्स १९७० मध्यें ‘जेनेसिस’ या वाद्यवृंदांत ड्रमवादक म्हणून आले. १९७५ मध्यें मुख्य गायक पीटर गेब्रिएल सोडून गेले, तेव्हां पुढील वर्षाच्या मुद्रिकेंत गाण्याची जबाबदारी कॉलिन्स यांजवर आली. गायक झाले म्हणून मैफलींत त्यांस पुढें यावें लागलें आणि मागच्या आसनावर दुसरा वादक बसवावा लागला. कॅरन कार्पेंटर यांची कहाणी अधिक करुण. त्या स्वतःस आधीं ड्रमवादक समजत. परंतु त्यांचा आवाज लोकांस इतका आवडला कीं, त्यांस ड्रममागून उठवून पुढें उभें करण्यांत आलें. १९८३ मध्यें अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्या वारल्या. ‘द बँड’चे लेव्हन हेल्म (मृत्यु २०१२) मात्र अखेरपर्यंत ड्रममागेंच बसून गायले. पण त्यांच्याही बाबतींत गाणें वेगळें आणि ठेका वेगळा; एकाच माणसानें दोन्ही सांभाळलीं, इतकेंच.

बारोट यांची गोष्ट येथें निराळी होते. त्यांस आसन सोडावें लागत नाहीं, कारण त्यांचा कंठ वाद्यापासून वेगळा झालेलाच नाहीं. दक्षिणेंत मृदंगाचे बोल तोंडानें म्हणण्याची जी कला आहे, तिला कोनक्कोल म्हणतात. उत्तरेकडील पढंतीची ती सख्खी बहीण. या चौकडींत बारोट ड्रम वाजवितात, गातात आणि कोनक्कोलही म्हणतात. तीन, पांच, सात अशा विषम गटांनीं अक्षरें धांवूं लागतात, ऐकणाऱ्याचा हिशेब चुकतो, आणि तिहाई समेवर येऊन पडते तेव्हां कळतें कीं, वादकाचा हिशेब कोठेंच चुकला नव्हता. मग तेंच वाक्य ड्रमवर उतरतें. आधीं जें नुसतें दणदणाट वाटलें होतें तें आतां भाषा वाटूं लागतें. व्याकरण ऐकून झालेलें असतें ना! त्यांचा कंठ हा वादनाचा अर्थ उघड करून दाखविणारा कंठ आहे. परदेशी वाद्य त्यांनीं आपलेसें केलें तें त्यावर एखादी भारतीय धून वाजवून नव्हे, तर त्यास बोलावयास शिकवून.

म्हणून दोष नाहींत असें मात्र नव्हे. आघातांची दाटी हा त्यांच्या वादनाचा पहिला दोष. चौघेही वादक पट्टीचे. त्यांत प्रत्येक रिकामी जागा भरून काढण्याचा मोह अनावर होतो, आणि तुकड्यामागून तुकडा कोसळूं लागला म्हणजे समेचा आनंद घ्यावयासही उसंत मिळत नाहीं. मौन हाही एक बोल आहे, हें सितारादेवींच्या पुत्रास आम्हीं सांगावें असें नाहीं. तरी सांगितलेलें बरें. दुसरा दोष अधिक खोल आहे. त्यांचा कंठ बोलांत जितका जिवंत होतो तितका शब्दांत होत नाहीं. ताल समजावून देणारा आवाज त्यांच्यापाशीं आहे. माणसाची गोष्ट सांगणारा आवाज हेल्म यांच्यापाशीं होता. त्यामुळें मैफल संपल्यावर बारोट यांची लय अंगांत राहते, पण गुणगुणत घरीं न्यावी अशी ओळ मागें राहत नाहीं.

हीं दोन्हीं अंगें एकत्र आलेलीं पाहावयाचीं तर फार दूर जावयास नको. बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) हातीं डफ घेऊन उभे राहत, तेव्हां थाप कोठें संपली आणि शब्द कोठें सुरू झाला हें कोणी विचारीत नसे. आमच्या नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत वाघ्या दिमडी वाजवितो आणि गातोही. गोंधळ्याच्या घरीं संबळ आणि कथा एकाच चुलीवर शिजतात. नानांस लंडनचें तें वादन एका क्षणांत ओळखतां आलें, याचें कारण हेंच. ओळखण्याची शक्ति त्यांच्या कानांत आधींपासून होती.

पण येथेंच आम्हांस एक गोष्ट खुपते. आम्ही सुशिक्षित मंडळी मुलास हौसेनें तबला शिकवितों, ड्रमसेटही आणून देतों. मात्र लग्नाच्या वरातींत पुढें चालणाऱ्या हलगीवाल्यास नारळ आणि चार पैसे देऊन वाटेस लावितों. तो काय वाजवितो आणि कोणापासून शिकला हें त्यास कोणी विचारीत नाहीं. आतां तर वरातींत त्याच्या जागीं मोठमोठे भोंगे आले आहेत. बारोट यांचा बोल आपल्याला ऐकूं आला, कारण त्यांच्या आईचें नांव आपण जाणत होतों. हलगीवाल्याच्या आईबापांचें नांव आपण विचारलें नाहीं, म्हणून त्याचा आवाज आपल्यास केवळ गोंगाट वाटला. नानांनीं त्या दिवशीं जो प्रश्न विचारला, “कोणाचा रे हा मुलगा?”, तोच पुढच्या वरातींत थोडें थांबून आपण विचारावा. आणि उत्तर मिळालें म्हणजे त्यास दोन बोल तोंडानें म्हणावयासही सांगावें.