शादलुई गेला आणि पुणे आठवं आलं: यातलं ‘आणि’ तपासून बघू

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य तोंडपाठ असतं. मुलाखतीत विचारलं की लगेच म्हणूनही दाखवतात. पण समोर खराखुरा दावा आला की तेच वाक्य लावायचं कुठे, हे कळत नाही. म्हणून आज आपल्या ओळखीचा एक दावा घेऊ आणि त्याची चिरफाड करू. विषय प्रो कबड्डीचा आहे. कबड्डी बघत नसाल तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जाईन.

दावा असा: “पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईला सोडलं ही घोडचूक होती. कितीही पैसे लागले असते तरी त्याला ठेवायला हवं होतं.”

आधी घडलं काय ते बघू. ऑक्टोबर 2023 च्या लिलावात पुण्याने या इराणी डाव्या कोपरारक्षकाला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. त्या दहाव्या हंगामात त्याने पकडींचे 99 गुण मिळवले. पुणे साखळीत पहिलं आलं आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदाच विजेतं ठरलं. पुढच्या लिलावाआधी पुण्याने त्याला कायम ठेवलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं. अकराव्या हंगामात हरियाणा विजेतं, शादलुई हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, आणि पुणे आठवं. वर अंतिम सामना झाला पुण्यात, बालेवाडीला! चाहत्यांच्या जखमेवर यापेक्षा जास्त मीठ कोण चोळणार?

गोष्ट म्हणून ही इतकी नीट बसते की पुढे काही विचारायची गरजच वाटत नाही. संशोधनाची सवय लावायची असेल तर नेमकं इथेच थांबायचं. खाली चार प्रश्न देतोय. कुठलाही ‘अमुक केलं म्हणून तमुक झालं’ छापाचा दावा समोर आला की हेच प्रश्न क्रमाने विचारत चला.

प्रश्न पहिला: त्याच वेळी आणखी काय बदललं?

अकराव्या हंगामात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार याला दुखापतीमुळे हंगाम अर्धवट सोडावा लागला. आपल्या नगर जिल्ह्याचा हा पोरगा पुण्याच्या चढाईचा कणा. म्हणजे एकाच हंगामात पुण्याच्या दोन गोष्टी गेल्या: बचावातला शादलुई आणि चढाईतला अस्लम. आठव्या क्रमांकाचं खापर यातल्या कोणावर फोडायचं? एका हंगामाच्या निकालावरून ते वेगळं काढताच येत नाही. पद्धतिशास्त्रात याला ‘गोंधळकारी चल’ म्हणतात. पुस्तकात तो कठीण वाटतो, प्रत्यक्षात इतका साधा असतो.

पुढचा हंगाम बघा. बाराव्या हंगामात शादलुई पुण्याकडे नव्हताच, पण अस्लम परत आला होता. पुणे साखळीत पुन्हा पहिलं आलं आणि 31 ऑक्टोबर 2025 ला अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून अगदी थोडक्यात हरलं. शादलुई येण्याआधीही, 2022 च्या नवव्या हंगामात, पुणे अंतिम फेरीत पोचलं होतंच आणि जयपूरकडून हरलं होतं. चार हंगाम ओळीने मांडा: अंतिम फेरी, विजेतेपद, आठवं, अंतिम फेरी. यातला शादलुईचा हंगाम एकच. ‘तो नसला की पुणे संपलं’ हे या ओळीत बसत नाही.

प्रश्न दुसरा: कारण तेच असताना परिणामही तोच येतो का?

आता संघ सोडून खेळाडूच्या मागे जाऊ. शादलुईच्या कारकिर्दीत निसर्गाने जणू प्रयोगच मांडून ठेवलाय. आठव्या हंगामात तो पाटण्याकडे होता, पकडींचे 89 गुण, आणि पाटणा अंतिम सामना फक्त एका गुणाने हरलं. नवव्या हंगामात संघ तोच, खेळाडू तोच, गुण 84, म्हणजे जवळपास तेवढेच. पण पाटणा बाद फेरीच्या बाहेर! मधल्या काळात प्रशिक्षक राम मेहर सिंग गुजरातकडे गेले होते, संघातही बदल झाले होते. दहाव्या हंगामात पुणे विजेतं, अकराव्यात हरियाणा विजेतं. बाराव्यात गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी 2 कोटी 23 लाख मोजले, त्या लिलावातली सगळ्यात मोठी किंमत. गुजरात पहिल्या आठातही आलं नाही.

पाच हंगामांत तीन अंतिम फेऱ्या आणि दोनदा बाद फेरीच्या बाहेर. खेळाडूच्या दर्जापेक्षा संघाच्या निकालात चढउतार कितीतरी जास्त आहे.

यात एक गोष्ट तुमच्या नजरेत भरली का? पुणे त्याला घेण्याआधीच्या हंगामात उपविजेतं होतं. हरियाणाही त्याला घेण्याआधीच्या हंगामात उपविजेतंच होतं. म्हणजे ज्या दोन संघांना तो ‘लाभला’, ते दोन्ही आधीच अंतिम फेरीतले संघ होते. आजूबाजूचं सगळं जागेवर होतं, एक पायरी उरली होती. गुजरात मात्र आदल्या हंगामात तळाच्या संघांमध्ये होतं.

प्रश्न तिसरा: उलट बाजूचा दावा तरी टिकतो का?

इथे काही जण टाळ्या वाजवतील, “म्हणजे महागडे खेळाडू म्हणजे पैशांची माती!” जरा थांबा. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे पवन सेहरावत. दहाव्या हंगामात तेलुगु टायटन्सने त्याला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. पवनने चढाईचे 200 हून अधिक गुण मिळवले, टायटन्सने 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले. त्याआधीच्या हंगामात तमिळ थलायवाजने त्याच्यावर 2 कोटी 26 लाख 50 हजार घातले, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले, नरेंदर नावाच्या नवख्या चढाईपटूच्या जोरावर.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई घ्या. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं, त्याने चढाईचे 200 हून अधिक गुण केले. 2019 मध्ये टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजून त्याला नेलं. त्याने पुन्हा 200 च्या वर गुण केले. टायटन्स अकराव्या क्रमांकावर राहिले, त्याच्याविना मुंबा उपांत्य फेरीत गेली.

पण टायटन्स खाली राहिले ते पवनमुळे का? पवनला घेण्याआधीच्या हंगामातही ते शेवटचेच होते. कमकुवत संघ आपली बहुतेक माणसं सोडतो, त्यामुळे त्याची थैली भरलेली असते, म्हणून मोठी बोली लावणं त्याला जमतं. म्हणजे ‘महागडा खेळाडू’ आणि ‘खालचा क्रमांक’ यांच्या मागे एकच तिसरं कारण बसलेलं असू शकतं. याला निवडीचा पक्षपात म्हणतात. आपल्याला पटणाऱ्या निष्कर्षालाही तीच चाळण लावायची असते, नाहीतर ती पद्धत कसली?

प्रश्न चौथा: त्याऐवजी काय मिळालं असतं?

‘ठेवायला हवं होतं’ म्हणताना चाहते शादलुईसह पुणे आणि शादलुईविना पुणे अशी तुलना करतात. ही तुलनाच चुकीची आहे. खरी तुलना ‘शादलुई’ आणि ‘त्या पैशात येणारं दुसरं काहीतरी’ यांच्यात आहे.

त्या वर्षी प्रत्येक संघाची मर्यादा 5 कोटी रुपये होती. 2 कोटी 7 लाख म्हणजे थैलीचा 41 टक्के भाग एका माणसाला. संघात किमान 18 जण लागतात. ढोबळ हिशेब करा: उरलेल्या 17 जणांना सरासरी 17 लाखांच्या आसपास येतात. तोच पैसा 18 जणांत वाटला तर सरासरी 28 लाखांच्या जवळ जाते. मॅटवर उतरतात सात, आणि त्यातला कोण कधी जायबंदी होईल ते सांगता येत नाही. अस्लम बसला तेव्हा प्रश्न राखीव फळीचा होता, डाव्या कोपऱ्याचा नव्हता.

यातला माणसांचा भागही विसरू नका. सातारा-सांगली पट्ट्यात मातीवर खेळून वर आलेल्या पोरांसाठी या 17 आणि 28 मधला फरक म्हणजे घराचं कर्ज फिटणं किंवा न फिटणं. कासेगावच्या काशिलिंग आडकेने याच भागातून जाऊन लीग गाजवली आहे. तारा जितका महाग, तितकी मधल्या फळीची वाटणी लहान. मर्यादा ठरलेली असली की कोणाच्या तरी ताटातूनच ते जातं.

आता लिलावाचा सापळा. समजा, पाचगणीच्या बाजारात झाकलेली स्ट्रॉबेरीची पाटी ठेवली आणि बारा व्यापाऱ्यांना आत किती माल आहे याचा अंदाज बांधून बोली लावायला सांगितलं. बारा अंदाजांची सरासरी कदाचित खऱ्याच्या जवळ जाईल. पण पाटी कोणाला मिळणार? ज्याने सगळ्यात जास्त अंदाज केला त्याला. म्हणजे जिंकणारा बहुधा जास्तच मोजून बसतो. 1971 मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेच मांडलं. त्याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. प्रो कबड्डीत संघही बाराच आहेत, योगायोग बघा.

पण पुण्याच्या बाबतीत एक फरक आहे. आपल्याच माणसाला ठेवणाऱ्या संघाने झाकण उघडून पाटी आतून पाहिलेली असते. सरावाला कसा येतो, गुडघा कसा आहे, पोरांशी जमतं का, हे सगळं त्याला माहीत असतं. म्हणून ‘ठेवणं’ आणि ‘विकत घेणं’ हे दोन वेगळे निर्णय आहेत. या मुद्द्यावर चाहत्यांची बाजू मला मजबूत वाटते.

हा प्रश्न कबड्डीपुरता नाही. अमेरिकी फुटबॉलमध्येही वेतनाची मर्यादा असते. तिथे मार्च 2022 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने टायरीक हिल या अव्वल झेल घेणाऱ्या खेळाडूला मायामीकडे सोडलं, बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीचे पाच हक्क घेतले. पुढचे दोन्ही सुपर बोल चीफ्सनेच जिंकले. हिलही मायामीत उत्तमच खेळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: खेळाडू अव्वल होता, आणि त्याला सोडणं बरोबर होतं. अर्थात चीफ्सकडे पॅट्रिक महोम्स होता हे विसरून हे उदाहरण पुण्याला चिकटवाल, तर पहिल्या प्रश्नात नापास व्हाल.

मग माझं मत काय?

‘डेटा अपुरा आहे’ म्हणून हात झटकणं मला आवडत नाही. निर्णय घेणाऱ्याला लिलावाच्या दिवशी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. माझं मत असं: 2023 मध्ये पुण्याने मोजलेले 2 कोटी 35 लाख योग्य होते, कारण बाकी संघ तयार होता आणि एकच पायरी उरली होती. 2024 मध्ये 2 कोटींच्या वर न जाणंही समर्थनीय होतं. अस्लम, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही फळी टिकवणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि बाराव्या हंगामाने त्या बाजूने थोडा पुरावा दिला. ‘थोडा’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. अस्लमच्या दुखापतीशिवायचा अकरावा हंगाम आपल्याला कधीच दिसणार नाही.

निर्णय चांगला की वाईट हे त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरून ठरवायचं. नंतरच्या गुणतक्त्यावरून नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अस्लमच्या दुखापतीची बातमी कोणाकडेच नव्हती.

माझं मत कशाने बदलेल, तेही सांगून ठेवतो, कारण ज्या मताला पाडणारा पुरावा कोणता हेच सांगता येत नाही ते मत संशोधनाच्या कामाचं नाही. आदल्या हंगामात अंतिम चारमध्ये आलेले सगळे संघ घ्या. त्यांतले आपला सगळ्यात महागडा खेळाडू ठेवणारे आणि सोडणारे असे दोन गट करा. दुखापती वेगळ्या नोंदवा. ठेवणारे पुढच्या हंगामात सातत्याने वर राहिले असतील, तर मी चुकलो.

हा तक्ता करायला कोणाची परवानगी लागत नाही. हंगामांचे निकाल आणि लिलावांच्या किमती जाहीर आहेत. एक रविवार पुरेल. करून बघा, आणि तुमच्या प्रबंधाच्या विषयातला असाच एखादा ‘आणि’ शोधून त्यालाही हेच चार प्रश्न विचारा. प्रवेशाच्या मुलाखतीत पाठ केलेल्या वाक्यापेक्षा हा तक्ता जास्त उपयोगी पडेल.