एकाच वेळी बोलणारी माणसे

‘काउंटडाउन’ या चांद्रमोहिमेवरच्या चित्रपटाचे चित्रित तुकडे स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर यांनी पाहिले आणि दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांना सरळ घरी पाठवले. तक्रार एकच होती : पडद्यावरची माणसे एकमेकांचे बोलणे पुरे होऊ देत नाहीत. ही गोष्ट साठच्या दशकातली. ऑल्टमन यांनी मात्र पुढची जवळपास चाळीस वर्षे नेमका हाच ‘गुन्हा’ केला.

१९२५ मध्ये कॅन्सस सिटीत जन्मलेल्या या माणसाने महायुद्धात बॉम्बफेकी विमाने चालवली, परतल्यावर गावातल्याच एका कंपनीत औद्योगिक माहितीपट काढले, मग दूरचित्रवाणी मालिकांचा रतीब घातला. त्यांच्या ‘मॅश’ चित्रपटाने १९७० मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, तेव्हा वय होते ४५.

हॉलिवूडमध्ये संवाद पाळीपाळीने बोलले जात. एकाचे वाक्य संपले की दुसऱ्याचे सुरू, म्हणजे संकलकाला कात्री चालवायला जागा राहते. लग्नघरात कोण असे बोलते? ‘कॅलिफोर्निया स्प्लिट’पासून (१९७४) ऑल्टमन यांनी नटांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावून त्यांचे आवाज आठ वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले. कोणता आवाज वर आणायचा आणि कोणता गर्दीत सोडायचा, हे नंतर मिश्रणाच्या टेबलावर ठरे. पुढच्याच वर्षी ‘नॅशव्हिल’मध्ये २४ प्रमुख पात्रे, राजकीय प्रचाराचा भोंगा आणि नटांनी स्वतः रचलेली बरीच गाणी एकमेकांत मिसळली. त्या कोलाहलात कुणीच कुणाचे ऐकत नाही, हेच त्या अमेरिकेचे चित्र होते.

एकाच वेळी बोलण्याचे हे तंत्र दर वेळी फळले असे नाही. ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’मधली (१९७१) सुरुवातीची पुटपुट खुद्द नायक वॉरन बीटी यांनाही खटकली होती. तरी तिथे बर्फ, चिखल आणि लेनर्ड कोहेन यांची गाणी चित्रपट तोलून धरतात. फॅशनविश्वावरच्या ‘प्रेत-आ-पोर्ते’त (१९९४) गर्दी तितकीच आहे, पण ऐकण्याजोगे कुणाकडेच फारसे काही नाही.

‘पॉपाय’नंतर (१९८०) स्टुडिओंची दारे बंद झाली. त्या पडत्या काळात त्यांनी ‘सीक्रेट ऑनर’ (१९८४) केला : एक खोली, एक नट आणि टेपरेकॉर्डरपुढे बरळणारा माजी अध्यक्ष निक्सन. गर्दीच्या दिग्दर्शकाने एकट्या माणसाचे बोलणेही तेवढेच कान देऊन ऐकले.

‘द प्लेअर’ने (१९९२) ते पुन्हा उभे राहिले. पण तंत्र आणि आशय एकजीव झाले ते ‘गॉस्फर्ड पार्क’मध्ये (२००१). नोकर जणू समोर नाहीतच अशा थाटात मालक बोलत राहतात, आणि वाढता-उचलताना नोकर सगळे ऐकत असतात. दोन कॅमेरे सतत सरकते ठेवल्यामुळे आपण चौकटीत आहोत की नाही, हे नटांना कळत नसे. त्यामुळे कोपऱ्यातली मोलकरीणही जिवंत राहिली.

अंगावरचा मायक्रोफोन आज सर्रास वापरला जातो. बहुतेक ठिकाणी मात्र त्याचा उपयोग एकेक शब्द स्वच्छ ऐकू यावा, एवढाच असतो.

दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच नामांकने होऊनही ऑल्टमन यांना तो मिळाला नाही. २००६ मध्ये मानद ऑस्कर मिळाला. त्यांच्या अखेरच्या चित्रपटाच्या वेळी विम्याच्या अटीमुळे राखीव दिग्दर्शक म्हणून पॉल थॉमस अँडरसन सेटवर होते. नोव्हेंबर २००६ मध्ये ऑल्टमन गेले. अँडरसन यांनी पुढच्या वर्षी ‘देअर विल बी ब्लड’ त्यांना अर्पण केला. त्या चित्रपटाची सुरुवातीची बरीच मिनिटे जवळजवळ कुणी बोलतच नाही.