पटकथेतला आपला माणूस

गेली काही वर्षे विद्यार्थी आपल्या पटकथा माझ्याकडे वाचायला आणून देतात. मी शिकवतो मराठी, चित्रपट नव्हे. पण घरातला पहिला पदवीधर मास्तर म्हणून वस्तीतल्या पोरांना माझ्याकडे यायला संकोच वाटत नसावा. या लेखनातला अनुभव अस्सल असतो, चीडही खरी असते. तरीही चाळीस पाने वाचून झाली तरी काही घडलेले नसते. नायकावर अन्याय होतो, पुन्हा होतो, आणि शेवटी नायक संविधानावर दीड पान बोलतो.

दोष या मुलांच्या कुवतीचा नाही. पडद्यावरचा दलित माणूस त्यांनी असाच पाहिलेला आहे. 'अछूत कन्या'मधली (१९३६) कस्तुरी रेल्वेखाली मरते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) सुजाताला मुलगी म्हणून स्थान मिळते ते तिने पालक आईला रक्त दिल्यावर. 'अंकुर'मधला (१९७४) किष्टय्या तर मुका-बहिरा. हे चित्रपट लबाड आहेत असे माझे म्हणणे नाही. 'सुजाता'ची कळकळ कोणी नाकारू नये. पण पटकथेने आपल्या माणसाकडून काय काय घेतले ते पाहा: जीव, रक्त, वाचा. सवर्णाच्या मनात पालट व्हावा, एवढ्यापुरताच तो तिथे उभा.

सत्यजित राय यांची 'सद्गती' (१९८१) याहून वेगळी आहे. दुखीला मुलीच्या सोयरिकीसाठी मुहूर्त काढून हवा आहे. एवढ्याशा गरजेपायी तो ब्राह्मणाच्या दारी जातो, लाकूड फोडतो आणि मरतो. अन्यायाचे भाषण कुठेही नाही. पण विद्यार्थ्यांना मी दाखवतो तो त्यानंतरचा प्रसंग. दुखीचे मढे उचलायला त्याची वस्ती नकार देते. या नकारामुळेच ब्राह्मणाला स्वतःच्या हाताने दोर बांधून ते ओढत न्यावे लागते. वस्ती कृती करते, म्हणून कथेला शेवट मिळतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: माझ्या माणसाला काय हवे आहे? मुक्ती, समता ही उत्तरे पटकथेच्या कामाची नाहीत, कारण कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या (२०१४ साली प्रदर्शित) जब्याला काळी चिमणी हवी आहे, जीनची पँट हवी आहे, शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते. आणि नेमके शालूच्या देखत बापाबरोबर डुक्कर धरावे लागू नये, एवढीच त्याची धडपड आहे. शाळेजवळ डुक्कर कोंडीत सापडते तेव्हा राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, मग घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटते. हा प्रसंग कागदावर किती ओळींचा असेल? चार-पाच. जात हा शब्दही त्यात लागत नाही. पुढे मेलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरून जाते, त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, फुले आहेत. आमच्या विद्यार्थ्याने इथे हमखास भाषण घातले असते!

आत्मकथनांचा वारसा इथे थोडा आडवा येतो. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) यांत निवेदक स्वतः बोलतो, आठवतो, जळतो. पटकथेत हा 'मी' नसतो. 'त्याला अपमान वाटला' असे लिहून भागत नाही. अपमान वाटल्यावर त्याने हाताने काय केले ते लिहावे लागते. एखाद्या दृश्यातले सगळे संवाद खोडून पाहावेत. उरले त्यात भांडण कळत असेल तर दृश्य उभे आहे असे समजावे. बोलीचे म्हणाल तर तिला घाबरू नये, पण बोली म्हणजे शिव्या हा प्रस्थापितांनी करून दिलेला समजही उचलू नये.

आता व्यवहाराचे. माझ्या एका विद्यार्थ्याकडून एका दिग्दर्शकाने तीन बैठकांत वस्तीतले सारे प्रसंग ऐकून घेतले, चहा पाजला, आणि पुढे ओळखही दाखवली नाही. ही नवी वेठच होय. १९७८ सालच्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, तिच्या मांडणीवर सांगता येतो. तेव्हा तोंडी कथा सांगत फिरू नये, आधी लिहावे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात लेखकाचा वाटा राखला आहे, आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य होऊन पटकथा नोंदवता येते. ती नोंदवून, प्रत्येक पानावर आपले नाव घालून, मगच दुसऱ्याच्या हाती द्यावी. करार समजत नसेल तर आपल्यातले वकील आता तालुक्या-तालुक्यात आहेत. सहीच्या आधी त्यांना दाखवावा.