बाटलीवरचे साल

शेगावच्या आसपास कापूस पिकतो. द्राक्षाचा मळा पाहावयाचा तर याच लोहमार्गाने पश्चिमेस नाशिक गाठावे लागते. तरीही वाईन हा विषय आम्हांस परका नाही. मिस्साच्या वेळी ती वेदीवर असते, आणि मराठी बायबलात ‘द्राक्षारस’ या सोज्ज्वळ नावाने वावरते.

मराठीत वाईनची समीक्षा होते तेव्हा मापे मात्र युरोपची येतात. त्यांतले मोठे माप म्हणजे बाटलीवरचे साल. त्याचा मूळ अर्थ कळण्यासाठी जर्मनीतील झाले-उनस्ट्रुट हा फारसा परिचित नसलेला प्रदेश पाहावा. ५१ अक्षांशावरच्या या थंड खोऱ्यात द्राक्षमळ्यांचा लेखी उल्लेख इ. स. ९९८ चा आहे. पुढे प्फोर्टा मठाच्या सिस्टर्शियन संन्याशांनी ते वाढवले. तेथील म्युलर-थुर्गाऊ, वाइसबुर्गुंडर या वाईन बहुधा हलक्या, कोरड्या, किंचित आंबटसर. वेल हिवाळाभर झोपते, आणि एखादी रात्र वर्षाचा निकाल लावते. एप्रिल २०२४ मध्ये उशिराच्या हिमाने कोवळे कोंब जळाले आणि बहुतांश पीक गेले.

नाशिकची वेल अशी झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. संकटे येथेही आहेत: डावणी, भुरी, २०१४ सारखी गारपीट. पण बाटलीत त्याची खूण उमटते कोठे? पुष्कळशा शेनिन ब्लांकमध्ये गोडवा एवढा राखलेला असतो की एक साल दुसऱ्यासारखेच लागते. आमच्या मते हा दोषच. सोव्हिन्यों ब्लांक अधिक प्रामाणिक, मात्र तिच्यात गूजबेरी शोधणाऱ्या समीक्षकांनी (ते फळ आपल्यापैकी किती जणांनी चाखले आहे?) आधी पेरू आणि हिरवी मिरची आठवावी.

आपल्याकडे साल वाचावयाचे ते निराळ्याच कारणाने: बाटलीने किती उन्हाळे सोसले हे कळावे म्हणून. विदर्भात पारा ४४ अंशांवर जातो. दुकानाच्या उघड्या फळीवर दोन उन्हाळे काढलेल्या पांढऱ्या वाईनचा सुवास उरत नाही, रंगही काळवंडतो. जुनी म्हणून ती अधिक दाम देऊन घेणारे आम्ही पाहिले आहेत.

धर्मनियमावलीतील ९२४ वा नियम सालाविषयी काही मागत नाही. वाईन द्राक्षाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी, एवढेच तो सांगतो. आंबून शिरका झालेली वाईन मिस्सासाठी चालत नाही. म्हणून मे महिन्यात सॅक्रिस्टीच्या कपाटातील उघडी बाटली वेदीकडे नेण्याआधी नाकाशी धरून पाहावी, आणि शंका आली तर नवी उघडावी.